ताबा घेण्याआधी घर तपासून देणारी सेवा: पैसे वसूल

नवं बांधकाम आहे, त्यात काय बघायचं, असं घरातले सगळे म्हणत होते. तरी मी तपासणीवाल्यांना बोलावलंच. आलेल्या बाई काठीने फरशी ठोकत प्रत्येक खोलीभर फिरल्या. आवाज पोकळ आला की तिथे खडूने फुली. बेडरूमच्या खिडकीखाली तर फुल्यांची रांगच लागली. खाली मसाला नीट भरलेला नसला की जड कपाट ठेवल्यावर नेमकी तीच फरशी तडकते.

बाथरूमची जाळी बंद करून त्यांनी 24 तास पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या छताला ओल! ताज्या रंगाखाली हे मला जन्मात कळलं नसतं. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअर गळतीला ट्रिप होतो का, तेही यंत्र लावून पाहिलं. दारं-खिडक्या ठीक निघाल्या.

फोटोंसकट अहवाल हातात असल्यामुळे बिल्डरला टोलवाटोलवी करता आली नाही. गच्ची आणि पाण्याची टाकी मात्र त्यांच्या कामात धरलेली नाही, हे मला खटकलं. तीही तपासून हवी असतील तर आधीच सांगून ठेवा, आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आत तपासणी उरका.