ग्रे आउलचे ‘पिल्ग्रिम्स ऑफ द वाइल्ड’ : सापळे टाकून देणाऱ्या माणसाचे पुस्तक

‘पिल्ग्रिम्स ऑफ द वाइल्ड’ हे ग्रे आउल या लेखकाचे आत्मकथनपर पुस्तक १९३०च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या लोव्हॅट डिक्सन या प्रकाशकाने काढले आणि ते आजही वाचायला मिळते. वन्यजीवांवरची पुस्तके आवडीने वाचणाऱ्या मराठी वाचकाने ते घ्यावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘घ्यावे’ असे आहे. मात्र ते कोणी लिहिले आणि त्यामागे कोणाची प्रेरणा होती, हे समजून घेऊनच ते वाचावे, असेही मी तितक्याच आग्रहाने म्हणेन.

पुस्तकावर नाव ग्रे आउलचे आहे. आपला जन्म मेक्सिकोत झाला, वडील स्कॉटिश आणि आई अपाची या मूळनिवासी जमातीची होती, असे हा लेखक सांगत असे. प्रत्यक्षात त्याचे नाव आर्चिबाल्ड स्टॅन्सफेल्ड बेलेनी होते आणि त्याचा जन्म १८ सप्टेंबर १८८८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी झाला होता. आईवडिलांचे छत्र त्याला लाभले नाही. आजी आणि दोन आत्यांनी त्याला वाढवले. उत्तर अमेरिकेतील मूळनिवासींच्या कथांनी भारावलेला हा मुलगा १९०६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कॅनडाला गेला. ऑन्टारिओतील टेमागामी सरोवराच्या परिसरात ओजिब्वे या मूळनिवासी लोकांमध्ये राहून तो होडी वल्हवायला, बर्फातून माग काढायला आणि सापळे लावायला शिकला. केस काळे करून आणि कातडी पोशाख घालून त्याने हळूहळू जी ओळख धारण केली, ती १३ एप्रिल १९३८ रोजी प्रिन्स अल्बर्ट येथे न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. नॉर्थ बे येथील ‘नगेट’ या वृत्तपत्राला खरी हकीकत तीन वर्षे आधीच कळली होती. संपादकांनी ती दाबून ठेवली आणि त्याच्या मृत्यूनंतर लगेच छापली.

हा तपशील मी आधी दिला, कारण तो माहीत नसताना पुस्तक वाचले आणि नंतर कळले, तर वाचकाला सगळेच पुस्तक खोटे वाटू लागते. माझ्या मते तसे वाटून घेण्याचे कारण नाही, आणि त्याचा पुरावा पुस्तकाच्या पहिल्या भागातच आहे.

या पुस्तकाच्या केंद्रस्थानी असलेला प्राणी, बीव्हर, आपल्याकडे आढळत नाही, म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला, रुंद चपट्या शेपटीचा आणि दाट फरचा प्राणी आहे. तो दातांनी झाडे पाडतो, फांद्या, चिखल आणि दगड रचून ओढ्यावर बांध घालतो आणि साठलेल्या पाण्यात घर बांधून कुटुंबाने राहतो. पिले साधारणपणे दोन वर्षे आईबापांजवळ असतात. त्याच्या बांधांमुळे पाणी अडते, भोवतालच्या जमिनीत मुरते आणि त्या पाण्यावर मासे, बदके, मूस हे मोठे हरीण असे कितीतरी जीव जगतात. युरोपात या फरपासून टोप्यांचा नमदा करत असत आणि त्यासाठी १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीसारख्या संस्थांनी पिढ्यानपिढ्या बीव्हरची कातडी गोळा केली. कॅनडाचा सुरुवातीचा व्यापार मोठ्या प्रमाणावर या एका प्राण्याच्या कातडीवर उभा राहिला. ग्रे आउल सापळे लावत होता तेव्हा पूर्वेकडील कित्येक ओढे बीव्हरविना ओस पडले होते, आणि जे थोडे उरले होते त्यांच्यामागे पोटासाठी धावणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती.

अशा काळात, १९२५ मध्ये, त्याला गर्ट्रूड बर्नार्ड भेटली. ती एकोणीस वर्षांची होती, मॅटावा गावात वाढलेली होती आणि तिचे घराणे मोहॉक या मूळनिवासी वंशाचे होते. पुस्तकात ती अनाहारिओ या नावाने येते. सापळ्यांच्या फेरीवर ती त्याच्याबरोबर जाऊ लागली आणि त्याला सवयीने दिसेनासे झालेले सारे तिला दिसू लागले. सापळ्यात रात्रभर अडकून पडलेला प्राणी, गोठून गेलेला पाय, शेवटचा फटका मारण्यापूर्वी प्राण्याने वर उचललेली नजर हे सर्व तिला असह्य होत असे. या प्रकरणांत लेखकाने स्वतःची बाजू सावरण्याचा प्रयत्न केलेला नाही. आपण हे काम वर्षानुवर्षे कसे केले, त्यात कौशल्याचा अभिमान कसा होता आणि बायकोच्या गप्प राहण्याने तो अभिमान कसा झिजत गेला, हे तो सावकाश आणि नेमकेपणाने सांगतो. शिकार सोडलेल्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांत पश्चात्ताप पुष्कळ वेळा एका क्षणात होतो. इथे तो अनेक महिने रेंगाळतो, मध्येच मागे सरतो, पैशाची निकड आली की पुन्हा सापळ्याकडे वळतो, आणि म्हणूनच मला तो विश्वासार्ह वाटतो.

१९२८च्या वसंतात कर्ज फेडण्यासाठी केलेल्या शिकारीत बीव्हरची एक मादी सापळ्यासकट पाण्यात नाहीशी होते आणि मागे दोन पिले उरतात. ती मारण्याऐवजी वाचवावीत, असे अनाहारिओ सुचवते आणि तो मान्य करतो. मॅकगिनिस आणि मॅकगिंटी अशी त्यांची नावे ठेवली जातात. पुढची पन्नाससाठ पाने ही या पुस्तकाची खरी श्रीमंती आहे. डब्यातल्या दुधावर वाढणारी, माणसाच्या अंथरुणात शिरून झोपणारी, रागावली की तान्ह्या मुलासारखा आवाज काढणारी ही पिले क्वेबेकमधील तेमिस्कुआता भागात नेताना पत्र्याच्या शेगडीत घालून रेल्वेने न्यावी लागतात. तिथल्या लाकडी खोपटात हिवाळाभर ती दोघे दारापाशी, बिछान्याखाली, सरपणाच्या ढिगाजवळ आपले बांध घालत राहतात. रात्री खोलीत चाललेली त्यांची लगबग, एकमेकांशी चाललेले संभाषण, काम बिघडल्यावर होणारी चिडचिड यांचे वर्णन इतके तपशीलवार आहे की निरीक्षण करणारा माणूस कित्येक रात्री जागा राहिला असला पाहिजे, हे वाचकाला कोणी सांगावे लागत नाही. असे लिहिण्यासाठी रक्त अपाची असावे लागत नाही. त्या दोन जिवांबरोबर एका खोलीत हिवाळा काढावा लागतो, आणि तो या माणसाने खरोखर काढला होता.

पुढच्या वसंतात ही पिले मोकळी सोडली जातात आणि परत येत नाहीत. त्यांचा शोध ज्या पानांत आहे, ती पाने मी प्रत्येक वाचनात थांबत थांबतच वाचतो. लेखक तिथे शब्दांचा मोह आवरतो. ओढ्याच्या काठाने फिरणे, हाका मारणे, ऐकू न आलेली उत्तरे, एवढेच तो नोंदवतो. या शोधानंतर बीव्हरला अभय देण्याचा त्याचा निश्चय पक्का होतो.

दुसऱ्या भागाची नायिका जेली रोल ही बीव्हर मादी आहे. पुढे तिला रॉहाइड नावाचा जोडीदारही लाभतो. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने तिच्यावर चित्रपट केला, लेखकाला नोकरी दिली आणि १९३१ मध्ये त्याला बीव्हरांसह आधी मॅनिटोबातील रायडिंग माउंटन आणि मग सस्कॅचेवानमधील प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात वसवले. अजावान सरोवराच्या काठी त्याच्यासाठी बांधलेल्या घराच्या भिंतीतूनच बीव्हरांनी आपले घर आत आणले होते. हा भाग रंजक आहे, परंतु पहिल्या भागाची घनता त्यात नाही. प्रसिद्धी मिळू लागल्यानंतरच्या मजकुरात वाचकाला खूश करण्याची धडपड जाणवते आणि जेली रोलच्या लीला सांगताना तोच तोपणा येतो. प्राण्यांच्या तोंडी माणसाचे हेतू घालण्याची त्याची सवयही इथे बळावते. कडक शास्त्रीय शिस्तीच्या वाचकाला ती खटकेल, आणि ते रास्तच आहे.

भाषेविषयी थोडे लिहिले पाहिजे. त्याच्या इंग्रजीत लांबलचक वाक्ये आहेत, बायबलच्या वळणाची भारदस्त शब्दकळा आहे आणि मध्येच जंगलात काम करणाऱ्यांच्या बोलीतला रांगडा विनोद आहे. पहिली तीस पाने जड जातील. एकदा त्याच्या गतीची सवय झाली की हिवाळ्याची वर्णने, विशेषतः गोठलेल्या सरोवरावरून ओझे ओढत चाललेल्या माणसांची वर्णने, वाचकाला आपल्याबरोबर ओढून नेतात.

आता त्याच्या धारण केलेल्या ओळखीविषयी. या लेखकावर माझे प्रेम आहे, म्हणून हा मुद्दा झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. या ओळखीचा त्याला लाभ झाला. १९३५ ते १९३७ या काळात ब्रिटनमध्ये त्याने दोन मोठे व्याख्यान दौरे केले, सभागृहे भरून गेली, लेस्टर येथे त्याला ऐकायला आलेल्या मुलांत पुढे निसर्गपटांसाठी आणि चित्रपटांसाठी प्रसिद्ध झालेले डेव्हिड आणि रिचर्ड अ‍ॅटनबरो हे भाऊ होते, आणि १९३७च्या अखेरीस बकिंगहॅम राजवाड्यात राजकुटुंबासमोर त्याचे भाषण झाले. हेस्टिंग्जचा बेलेनी म्हणून तो तेच बोलला असता तर इतके लोक आले नसते, हे उघड आहे. ज्या काळात कॅनडातील मूळनिवासींची मुले सक्तीने निवासी शाळांत घातली जात होती, त्यांचे सण आणि समारंभ कायद्याने बंद होते, त्या काळात त्यांचा आवाज म्हणून जगाने एका इंग्रज माणसाला ऐकले. त्यामुळे ज्यांची जागा गेली, त्यांचे नुकसान पुस्तक कितीही सुंदर असले तरी भरून निघत नाही. त्याच्या खाजगी आयुष्यातही माफ करण्याजोगे थोडे आहे. १९१० मध्ये लग्न केलेल्या अँजेल एगवुना या ओजिब्वे पत्नीला आणि मुलीला तो सोडून गेला, आणि ते लग्न कायम असतानाच पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने इंग्लंडमध्ये दुसरे लग्न केले. ज्या समाजाने त्याला रान शिकवले, त्या समाजातल्या या स्त्रीचा उल्लेख या पुस्तकात नाही.

तरीही मी त्याला मानतो, आणि ते कशासाठी हे नेमके सांगायला हवे. सापळ्यांवर पोट असलेल्या माणसाने ते पोट भरण्याचे साधन टाकून दिले, ज्या प्राण्याला मारून तो जगत होता त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि हे त्याने अशा काळात केले जेव्हा संरक्षण म्हणजे शिकारीसाठी प्राणी राखून ठेवणे, एवढाच अर्थ बहुतेकांना ठाऊक होता. जंगल माणसाच्या मालकीचे नाही, माणूस जंगलाचा आहे, हा विचार त्याने व्याख्यानांतून हजारो लोकांपर्यंत नेला. विचार खरा होता आणि त्यामागचा त्यागही खरा होता.

मात्र या पुस्तकात खऱ्या अर्थाने मूळनिवासी असलेली व्यक्ती अनाहारिओ आहे, आणि पुस्तकाला वळण देणारी व्यक्तीही तीच आहे. गंमत अशी की रानातले कसब तिने त्याच्याकडून घेतले आणि जिवाविषयीची करुणा त्याने तिच्याकडून घेतली. लेखकाने हे ऋण लपवलेले नाही, हा त्याचा मोठेपणा मानतो. परंतु मलपृष्ठांवर आणि प्रस्तावनांत तिचे नाव सहचारिणी म्हणून ओझरते येते, आणि वाचकही तिच्याकडे तसेच पाहू लागतो. नवऱ्याचा खरा जन्म तिला त्याच्या मृत्यूनंतर कळला. तिने १९७२ मध्ये स्वतःच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, पुढेही प्राण्यांच्या बाजूने बोलत राहिली आणि १९८३ मध्ये तिला ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला.

खरेदी करताना एक पाहावे. लेखकाचा मृत्यू १९३८ मध्ये झाल्यामुळे पुस्तकाचा स्वामित्वहक्क भारतात आणि कॅनडात संपलेला आहे, त्यामुळे फुकट डिजिटल प्रतीही मिळतात आणि घाईघाईने काढलेल्या, छायाचित्रे गाळलेल्या छापील प्रतीही बाजारात आहेत. या दुसऱ्या प्रकारच्या प्रतींपासून दूर राहावे, कारण जेली रोलची आणि तळ्याकाठच्या घराची छायाचित्रे हा पुस्तकाचा भाग आहे. लेखकाच्या जीवनावर अलीकडची प्रस्तावना असलेली आवृत्ती मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजावेत. कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना ती स्थानिक ग्रंथालयात सहज मिळेल, आणि ऑन्टारिओत राहणाऱ्यांना टेमागामीचे सरोवर प्रत्यक्ष पाहता येईल. लहान मुलांना वाचून दाखवायचे असेल तर हे पुस्तक नको, त्याने मुलांसाठी लिहिलेली साजो आणि तिच्या बीव्हरांची कथा घ्यावी. मोठ्यांनी ‘पिल्ग्रिम्स’ वाचून झाल्यावर अनाहारिओच्या आठवणी लगेच हाती घ्याव्यात. तीच माणसे आणि तोच हिवाळा तिच्या बाजूने वाचल्यावर पहिल्या पुस्तकातल्या कितीतरी प्रसंगांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.