नागोया आणि लॉस एंजेलिससाठी : टीव्हीसमोर कोणत्या खेळाला वेळ द्यावा?

८ ऑगस्ट २०२४ या एकाच तारखेत भारतीय प्रेक्षकांसमोर पॅरिस ऑलिंपिकमधले तीन अगदी वेगळे खेळ आले. मध्यरात्र उलटून एक वाजून गेल्यावर पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत झाली आणि तीत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे धावला; संध्याकाळी साडेपाचला हॉकी संघ कांस्यपदकासाठी स्पेनविरुद्ध उतरला; आणि रात्री बाराला पाच मिनिटे असताना भालाफेकीची अंतिम फेरी सुरू झाली. मी तिन्ही पाहिले. त्यांना लागलेला वेळ, त्यांनी मागितलेले लक्ष आणि त्यांतून मिळालेला आनंद यांत एवढा फरक होता की, पुढच्या मोठ्या स्पर्धांच्या वेळी काय पाहायचे हे आधीच ठरवून ठेवावे, असे तेव्हापासून वाटू लागले. २०२६ च्या आशियाई स्पर्धा जपानमधल्या आइची-नागोयाच्या आहेत आणि २०२८ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिसचे. घरात टीव्ही एकच आहे, नोकरी-शाळा सांभाळून दिवसाचा तास-दीड तासच हाती लागतो आणि प्रत्येक खेळाचे नियम पाठ नाहीत, अशा प्रेक्षकासाठी ही तुलना मांडतो आहे. भारताला पदक मिळेल की नाही, हा निकष मी मुद्दाम मागे ठेवला आहे. पडद्यावर खेळ प्रत्यक्ष किती दिसतो, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

स्टीपलचेसपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त काही देणारा हा प्रकार आपल्याकडे सर्वांत कमी पाहिला जातो. पुरुषांची पूर्ण शर्यत सव्वाआठ मिनिटांत संपते. तेवढ्यात प्रत्येक धावपटू २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे ओलांडतो. हे अडथळे ९१.४ सेंटिमीटर उंचीचे, जाड लाकडी तुळईचे असतात. १०० किंवा ४०० मीटरच्या शर्यतीतले हर्डल धक्का लागला की आडवे होते. ही तुळई जागची हलत नाही, पडतो तो माणूस. पॅरिसच्या त्या शर्यतीत शेवटच्या फेरीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा अडथळ्याला अडकून असा कोसळला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्याच फेरीत अमेरिकेचा केनेथ रूक्स मागून येऊन सगळ्यांच्या पुढे गेला होता. अखेर मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने त्याला गाठले आणि सुवर्ण जिंकले. साबळे अकरावा आला. नियम ठाऊक नसलेल्यालाही ही शर्यत समजते, आणि दमलेला माणूस ओळखायचा असेल तर पाण्याच्या खड्ड्याकडे पाहावे. अडथळ्याच्या पायथ्याशी पाणी सर्वांत खोल असते आणि तळ पुढे चढत जातो. ताज्या दमाचा धावपटू तुळईवर पाय देऊन लांब झेपावतो आणि उथळ पाण्यात जेमतेम एक पाऊल भिजवून निघतो. थकलेला मात्र जवळच पडतो, त्याचे दोन्ही पाय खोल पाण्यात जातात आणि तिथून वर यायला त्याला आणखी ताकद खर्चावी लागते. प्रत्येक फेरीत हे चित्र थोडे थोडे बदलताना दिसते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले, ती शर्यत ज्यांनी थेट पाहिली त्यांना स्टीपलचेस पाहा म्हणून वेगळे सांगावे लागत नाही.

भालाफेक याच्या अगदी उलट आहे. पॅरिसच्या अंतिम फेरीत बारा जणांनी प्रत्येकी तीन फेकी केल्या आणि पहिल्या आठांना आणखी तीन मिळाल्या, म्हणजे एकूण साठ फेकी झाल्या. पण एक फेक काही सेकंदांची असते आणि बाकीचा सगळा वेळ थांबण्यात जातो. त्याच वेळी मैदानावर शर्यती चालू असल्यामुळे सर्वसाधारण प्रक्षेपणात कॅमेरा तिकडे वळतो आणि मधल्या फेकी नंतर, तुकड्यातुकड्यांनी दाखवल्या जातात. फक्त भालाफेकीचे स्वतंत्र प्रक्षेपण मिळत असेल तर तेच लावावे, नाहीतर हाती फक्त निकाल लागतो. पॅरिसमध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमची ९२.९७ मीटरची आणि नीरज चोप्राची ८९.४५ मीटरची, अशा निर्णायक ठरलेल्या दोन्ही फेकी दुसऱ्याच फेरीत झाल्या, त्यामुळे उशिरा टीव्ही लावणाऱ्याच्या वाट्याला नीरजच्या फाउल झालेल्या फेकीच आल्या. तरीही हा खेळ मी सोडणार नाही, आणि त्याचे कारण शेवटची दोन पावले. भाला सुटण्याच्या क्षणी नीरजचा डावा पाय जमिनीत खुंटीसारखा रोवला जातो, धावण्याचा सगळा वेग त्या पायावर अडून खांद्यातून भाल्यात जातो आणि तो स्वतः पुढे हातांवर पडतो. पडता पडता रेषेच्या अलीकडे राहिला तर पांढरे निशाण, पलीकडे गेला तर लाल, म्हणजे फाउल. हे संथगतीत पाहावे. भाला किती लांब गेला हे मात्र मागून घेतलेल्या दृश्यात डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी पडद्यावरच्या आकड्याचीच वाट पाहावी लागते.

हॉकीला सलग वेळ द्यायची तयारी हवी. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे, मधल्या विश्रांती आणि पंचांच्या निर्णयाला दिलेली आव्हाने धरली तर पावणेदोन तास सहज जातात, आणि अधूनमधून डोकावण्याने काहीच साधत नाही. चेंडू दिसत नाही ही जुन्या प्रेक्षकांची तक्रार लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकपासून निळ्या मैदानाने आणि पिवळ्या चेंडूने बरीच कमी केली आहे. ज्याला हा खेळ नवा आहे त्याने सुरुवातीला फक्त पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल हल्ला करणाऱ्या संघाला मिळणारी संधी, समजून घ्यावा. गोलरक्षकासह पाच बचावपटू गोलरेषेमागे मुखवटे बांधून उभे राहतात, त्यांचे बाकीचे साथीदार मध्यरेषेपलीकडे जातात, चेंडू आत येताच एक जण थेट ड्रॅगफ्लिक (काठीने ओढत नेऊन चेंडू गोलकडे भिरकावण्याचा फटका) मारणाऱ्याच्या अंगावर धावत सुटतो आणि दोन-तीन सेकंदांत निकाल लागतो. स्पेनविरुद्धच्या त्या २-१ विजयात भारताचे दोन्ही गोल हरमनप्रीत सिंगने पेनल्टी कॉर्नरवरच केले होते. परंतु हॉकी खऱ्या अर्थाने कळली ती त्याआधी ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, जिथे अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी चाळीसहून अधिक मिनिटे सामना रोखून धरला आणि १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर गोल करायची चढाओढ, ४-२ असे जिंकले. दहा जणांनी मैदान कसे वाटून घेतले, कोण कोणाची जागा भरत होता, हे पूर्ण सामना पाहणाऱ्यालाच दिसले. सुट्टीच्या दिवशी घरातले सगळे एकत्र बसणार असतील तर मी हॉकीच निवडेन. कामाच्या दिवशी निवडणार नाही.

आता नेमबाजी. हा पाहण्याचा खेळच नाही, असे मी अनेक वर्षे मानत आलो होतो. १ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी एक वाजता कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत उतरला, तेव्हा आईला मी केवळ आपल्याकडचा मुलगा म्हणून टीव्हीसमोर बसवले. ती मेथी निवडत होती. आधी गुडघ्यावर बसून पंधरा, मग पोटावर झोपून पंधरा आणि शेवटी उभ्याने, असा त्या अंतिम फेरीचा क्रम होता. पहिल्या दोन पवित्र्यांनंतर स्वप्नील पाचवा होता आणि आई मधूनमधून मान वर करून “कितवा आहे?” एवढेच विचारत होती. उभ्याने नेमबाजी सुरू झाली तसा तो वर सरकू लागला. चाळिसाव्या गोळीनंतर खालचे दोघे एकदम बाद झाले आणि तिथून पुढे प्रत्येक गोळीला एक जण गळू लागला. आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिने नियम विचारले नाहीत, कारण पडद्याच्या कडेला आठ नावांची यादी प्रत्येक गोळीला वरखाली होत होती आणि तेवढे पुरेसे होते. स्वप्नील ४५१.४ गुणांवर थांबला आणि कांस्यपदक त्याचे झाले.

नेमबाजीतले मर्म असे आहे की, गोळी दिसत नसली तरी माणूस दिसतो. ५० मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते आणि अंतिम फेरीत त्याच्याही आत दशांशाचे हिशेब होऊन एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की गालाला टेकलेली रायफल, अर्धवट सोडून धरलेला श्वास आणि चापावरचे बोट दिसते; कधी कधी नेमबाज पूर्ण तयारी करून, मनाजोगते न जमल्यामुळे, रायफल खाली घेतो आणि घड्याळ चालू असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तो क्षण ज्याला ओळखता आला त्याला पुढचा तास हलता येत नाही. पात्रता फेरी मात्र पाहू नये, तिच्यात प्रेक्षकासाठी काही नाही.

तिरंदाजी नेमबाजीची सख्खी बहीण असली तरी टीव्हीवर ती अधिक सोपी वाटते, कारण बाण उडताना दिसतो आणि लढत समोरासमोर दोघांत असते. रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या साध्या धनुष्याच्या वैयक्तिक लढतीत ७० मीटरवर तीन-तीन बाणांचा एक सेट असतो, सेट जिंकणाऱ्याला दोन गुण मिळतात आणि आधी सहा करणारा जिंकतो, त्यामुळे एक बाण वाया गेला तरी पुढच्या सेटमध्ये सावरता येते. कंपाउंडमध्ये, म्हणजे टोकांना कप्प्या बसवलेल्या धनुष्याच्या प्रकारात, ही सवलत नाही. ५० मीटरवर पंधरा बाण, १५० पैकी जितके गुण होतील तितके, आणि एखाद्या बाणाला नऊ गुण पडले की बहुधा तिथेच सामना फिरतो. २०२३ च्या बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला आणि साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. ओजसने त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकेही मिळवली. कंपाउंड पाहायचे तर आशियाई स्पर्धांची वाट पाहावी. लॉस एंजेलिसला हा प्रकार प्रथमच ऑलिंपिकमध्ये येत आहे, तोही फक्त मिश्र सांघिक. दोन्हींत एकच निवडायचे असेल तर लहान मुले सोबत असताना तिरंदाजी आणि एकट्याने शांतपणे पाहायचे असल्यास नेमबाजी, असे मी सुचवेन.

मराठी प्रेक्षक स्वतःला जाणकार समजतो ते दोन खेळ म्हणजे कुस्ती आणि कबड्डी, पण टीव्हीसमोर त्यांचा अनुभव सारखा नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले तेव्हापासून ऑलिंपिकच्या कुस्तीशी आपले नाते आहे. तरीही मातीतल्या फडावर चीतपट पाहण्याची सवय असलेल्याला मॅटवरचे गुण आधी शिकून घ्यावे लागतात. पट काढून, म्हणजे पाय धरून खाली आणून, मागे गेले की दोन, प्रतिस्पर्ध्याला धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ मॅटकडे होईल असे, फेकले की चार, वर्तुळाबाहेर ढकलले की एक, आणि फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पायांवरही पकड चालते त्या प्रकारात, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. एवढे लक्षात ठेवले तर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या डोळ्यांचे पाते लवू देत नाहीत. अमन सेहरावतची पॅरिसची १३-५ अशी कांस्यपदकाची कुस्ती नवख्याने सुरुवातीला पाहावी, इतकी ती मोकळी होती. कबड्डी शिकावी लागत नाही, मात्र ती ऑलिंपिकमध्ये नाही, फक्त आशियाई स्पर्धांत आहे. आणि तिथेही भारताचा इराणशी सामना होईल तोच राखून ठेवावा. २०२३ चा अंतिम सामना शेवटच्या क्षणांत नियमाच्या वादामुळे जवळजवळ तासभर थांबला आणि भारताने ३३-२९ असा जिंकला. साखळीतले बहुतेक सामने एकतर्फी असतात.

बॅडमिंटन आपण स्वतः खेळतो म्हणून पाहायला आवडते, पण कोर्टाच्या मागून, उंचावरून घेतलेल्या दृश्यात शटलचा वेग आणि हॉलमधल्या वाऱ्याने त्याचे भरकटणे हरवून जाते. दुहेरीत ते नुकसान कमी वाटते, कारण तिथे चौघांच्या हालचालीच मुख्य असतात. जिम्नॅस्टिक्समध्ये डोळे दिपतात, पण गुण कसे दिले हे घरी बसून समजत नाही. दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून उडी घेण्याच्या प्रकारात) चौथी आली आणि पदक ०.१५ गुणाने हुकले, तेव्हा ते १५ शतांश कुठे गेले हे सांगता येईल असा सामान्य प्रेक्षक मला भेटला नाही. जलतरण पाहणाऱ्याला पाण्यावर पुढे सरकणारी विश्वविक्रमाची रेषा मदत करते, आणि अंतिम शर्यती पाठोपाठ होत असल्याने अर्ध्या तासात बरेच पाहून होते.

राहिला घड्याळाचा प्रश्न, आणि निवड बऱ्याचदा तोच करतो. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणून नागोयातल्या संध्याकाळी सातच्या अंतिम फेऱ्या आपल्याकडे दुपारी साडेतीनला येतील, म्हणजे कार्यालयाच्या ऐन वेळेत. तिथे सुट्टीच्या दिवसासाठी हॉकी आणि कबड्डीचे निर्णायक सामने राखावेत, आणि इतर दिवशी फोनवरही पूर्ण पाहता येईल असे काही, म्हणजे कंपाउंड तिरंदाजीची अंतिम लढत किंवा स्टीपलचेस, निवडावे. लॉस एंजेलिसचा हिशेब सोपा आहे. जुलैत तिथल्या वेळेत साडेबारा तास मिळवले की आपली वेळ येते, तेव्हा तिथली संध्याकाळ सहा म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ साडेसहा, आणि तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले त्याच रात्रीचे साडेनऊ. त्यामुळे संध्याकाळच्या सत्रातली अॅथलेटिक्स सकाळच्या चहाबरोबर पाहता येईल, आणि सकाळच्या सत्रात होणाऱ्या अंतिम फेऱ्या, पॅरिससारख्या नेमबाजीच्या असल्या तर त्याही, जेवण आटोपल्यावर. सकाळी डबे भरायचे असतात त्या घरात पावणेदोन तासांची हॉकी बसणार नाही. सव्वाआठ मिनिटांची स्टीपलचेस बसेल, फक्त ती किती वाजता सुटणार हे आदल्या रात्री पाहून गजर लावून झोपावे.