मत्स्यबीज घेताय? पिशवी उघडून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका

शेततळ्यात मासे सोडणार असाल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा भाऊ. आमचं तळं पारोळ्याकडे, रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पाहिजे होती. एजंट फोनवर बोलला माल कंडिशनिंग केलेला, म्हणजे पॅकिंगआधी उपाशी ठेवलेला आहे, पहाटे पोच देतो, अर्धे पैसे ऑनलाइन घेतले. गाडी आली भर दुपारी, पिकअपवर साधी ताडपत्री नाही, पिशव्या हाताला गरम लागत होत्या, आणि बाकीचे पैसे दिल्याशिवाय उतरवू देईना, वर "मासे मरतील, लवकर करा" ही घाई. द्यावेच लागले.

पिशवी सोडली तर पाणी गढूळ, वर फेस, तळाला विष्ठेचे दोरे. शेजारचे भोई बाबा आले होते, त्यांनी एक पिल्लू उचलून पोटावर हलकं बोट फिरवलं तर घाण बाहेर आली. म्हणाले, "भो, यास्नं पोट भरेल शे." म्हणजे यांचं पोट भरलेलं आहे, जाळं ओढलं आणि तसंच पॅक केलं! खरं तर पॅकिंगआधी निदान एक दिवस खाद्य बंद करून हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) नाहीतर टाकीत ठेवायचं असतं, पोट रिकामं झालं की पिशवीत घाण कमी, माशांना घातक अमोनिया कमी. पिशवीत पाणी साधारण एक भाग, ऑक्सिजन दोन भाग लागतो, इथे मासेच ठासून भरलेले.

आम्ही पिशव्या वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवल्या, तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेतलं, मग पिल्लं सोडली. तरी दुसऱ्या दिवसापासून काठाला मेलेली पिल्लं लागायला लागली, खवले निघालेल्या जागी कापसासारखी बुरशी. एजंट म्हणे तुमचं पाणी खराब! अहो त्याच पाण्यात गेल्या वर्षीचे रोहू मजेत खाद्य खाताहेत. मग फोन उचलणंच बंद. त्या जिवांचे हाल बघून फार वाईट वाटलं, पैशाचं तर आहेच.

तुम्ही घेताना शक्यतो बीज केंद्रावर स्वतः जा, उपाशी ठेवलेलं बघा, एक पिशवी समोर मोजून घ्या, कारण पिल्लं वाटीने मोजतात, त्या मापात पण मारतात. पक्कं बिल मागा. आणि थोडी पिल्लं तळ्यातच हाप्यात वेगळी ठेवून दोन दिवस बघायची, शेवटचा हप्ता त्यानंतर, हे आधीच ठरवून घ्या, नाही म्हणाला तर गाडी परत पाठवा.