फ्लॉवरची रोपं घेतली, तारीख बघून

परसातल्या फ्लॉवरसाठी यंदा ज्या रोपवाटिकेतून रोपं आणली, तिच्याबद्दल लिहायचं आहे. मी निफाड तालुक्यात राहते. घरामागे दहा बाय बाराची जागा आहे आणि दरवर्षी फ्लॉवर लावतेच.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून रोपं आणली होती. उंच, हिरवीगार, बघून हरखले होते. लावल्यावर महिनाभरात पाच-सहा पानांमध्ये लिंबाएवढा गड्डा धरला आणि तिथेच थांबला. बाराच्या बारा रोपांचं तेच झालं. नंतर कळलं की रोपं दीड महिन्याच्या वर ट्रेमध्येच राहिलेली होती. मुळांना जागा उरली नाही, वाढ खुंटली की फ्लॉवर पानं वाढवायची सोडून घाईने गड्डा धरतो. मग कितीही शेणखत घाला, गड्डा मोठा होत नाही.

म्हणून या रोपवाटिकेतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. प्रत्येक ट्रेला चिठ्ठी असते, तिच्यावर जात आणि पेरणीची तारीख. मी घेतलेली रोपं २६ दिवसांची होती, चार-पाच पानांची, बुटकी पण दणकट. रोप उपसलं की कोकोपीटसकट पांढऱ्या मुळांचा गोळा अलगद हातात यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथल्या दादांनी मला एक जात विकायला चक्क नकार दिला. सप्टेंबरअखेरीस गेले तेव्हा मी स्नोबॉल मागितली. ते म्हणाले, "ताई, ती थंडीची जात. हिमाचलात कुल्लूकडच्या कटराईनच्या संशोधन केंद्रात निघालेली पुसा स्नोबॉल के-१ घ्या नाहीतर दुसरी कुठली स्नोबॉल, गड्ड्याला १०-१६ अंश लागतात. आत्ता लावली तर नुसता पाला वाढत बसेल. दिवाळीनंतर या." आणि मध्यम हंगामाचं संकरित वाण दिलं. गिऱ्हाईक परत पाठवायला मन लागतं.

५ ऑक्टोबरला लावली. दीड-दीड फुटावर, गादीवाफा वीतभर उंच करून. दिवाळीच्या सुमारास पाऊस आला आणि हलायचं नाव घेईना. वाफा उंच होता म्हणून पाणी साचलं नाही, तरी कडेची दोन रोपं बुडाशी कुजून गेली. बाकीची दहा तगली. २०२३ च्या २६ नोव्हेंबरला आमच्याकडे गारपीट झाली तेव्हा पानांची चाळण झाली होती, त्यामुळे आता बांबूच्या कमानी करून वर जाळी टाकते. जाळीमुळे चौकोनी ठिपक्यांचा पतंगही अंडी घालायला कमी येतो. त्यावर आठवड्याला निंबोळी अर्क, एवढंच.

डिसेंबरअखेर गड्डे दिसायला लागले. मुठीएवढे झाले की बाहेरची पानं वर घेऊन सुतळीने सैल बांधली, उन्हाने पिवळे पडू नयेत म्हणून. सर्वांत मोठा साडेसातशे ग्रॅम भरला. असा पांढरा, घट्ट फ्लॉवर मी आजवर पिकवला नव्हता, वजनकाट्यावर ठेवला तेव्हा डोळे भरून आले. कोवळ्या पानांची पीठ पेरून भाजीही केली. बाजारातल्या फ्लॉवरला ही पानं मिळतच नाहीत.

दिवाळीनंतर स्नोबॉलचीही सहा रोपं लावली. तीन जानेवारीत छान आली. उरलेली तीन मागे राहिली आणि फेब्रुवारीत अचानक ऊन तापलं, तर गड्डे सैल पडून वर भाताच्या कण्यांसारखे दाणे आले. रोपांचा दोष नाही, मी आठवडाभर आधी लावायला हवी होती. चवीला ठीक लागतात, फक्त दिसायला नाहीत.

तक्रारी दोन. ९८ कप्प्यांचा ट्रे असतो आणि अर्ध्यापेक्षा कमी देत नाहीत. रोप दोन रुपयांना, म्हणजे पैशांचा प्रश्न नाही, पण माझ्यासारखीला ४९ रोपं करायची काय? आणि संकरित वाणाच्या चिठ्ठीवर नुसतं 'संकरित' लिहिलं होतं, वाणाचं नाव नाही. पुढच्या वेळी तेच मागायचं तर कसं मागणार? दादांना हे सांगून आले आहे.

पुढच्या हंगामासाठी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरायला सांगून त्यांच्या वहीत नाव लिहिलंय, अर्धा ट्रे. बारा माझी. उरलेली सदतीस गल्लीतल्या चौघींनी आत्ताच वाटून घेतली आहेत.