पोटफुगीसाठी ब्रीथ टेस्ट : इंदूरच्या पलासियाकडच्या क्लिनिकचा अनुभव, ४ स्टार

बाबांची शुगर जुनी, आणि जेवल्यावर पोट तट्ट फुगतं. हिंग, ओवा, गॅसच्या गोळ्या सगळं झालं, मग पलासियाकडच्या एका गॅस्ट्रो क्लिनिकमधे हायड्रोजन ब्रीथ टेस्ट करून घेतली.

टेस्ट सोपी पण वेळखाऊ. आदल्या दिवशी साधा भात वगैरे, डाळ-भाजी-दूध बंद, रात्रीपासून उपाशी, सकाळी लॅक्टुलोजचं गोडमिट्ट पाणी प्यायचं आणि मग दर १५-२० मिनिटांनी नळीत फुंकत बसायचं दोन-तीन तास. लहान आतड्यात बॅक्टेरिया वाढले असले तर ते ही साखर तिथेच खातात आणि हायड्रोजन श्वासात येतो, ९० मिनिटांच्या आत २० पीपीएमने (म्हणजे दहा लाखात २० भाग) चढला की पॉझिटिव्ह.

पैसे वसूल झाले ते डॉक्टरांच्या बोलण्यात. हिंदीतूनच, पण निवांत. आधीच म्हणाले की आतडं फास्ट असलं तर लॅक्टुलोज मोठ्या आतड्यात लवकर पोचतं आणि आकडा तेव्हाही चढतो, म्हणून नुसता रिपोर्ट बघून अँटिबायोटिक देणार नाही. मग सांगितलं, खाल्ल्यावर आतडं आवळून आवळून अन्न घुसळतं, पुढे सरकवतं, आणि पोट रिकामं असताना दीड-दोन तासांनी एक लाट उरलंसुरलं खाली लोटत नेते. खाल्लं की लाट बंद. आमच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, खाणारे उठेपर्यंत झाडू लागत नाही ना, तसंच! जुन्या शुगरने आतड्याच्या नसा बिघडल्या की ही लाट कमजोर होते, माल साचतो, बॅक्टेरिया वाढतात. आणि आमचे बाबा सकाळी पोहे, मग शेव, मग चहाबरोबर परमल (कुरमुरे), तोंड दिवसभर चालूच 😄

आता मधलं चरणं बंद, पण शुगरच्या गोळ्या बघून गॅप त्यांनीच ठरवून दिला, असल्या पेशंटने मनाने उपाशी राहू नये. पोटाचं जुनं ऑपरेशन झालंय का तेही विचारलं, त्याने आतडी आतून चिकटून अडकू शकतात. पोट दुखतंय, उलट्या होतायत, गॅससुद्धा पास होत नाही असं असलं तर ही टेस्ट वगैरे नाही, सरळ इमर्जन्सी.

एक स्टार कापला कारण पार्किंग नाही आणि उपाशी पेशंट बसवतात ते चहाच्या मशीनशेजारी, काय म्हणावं. शिवाय आधीचे चार आठवडे अँटिबायोटिक चालत नाही हे फोनवर कोणी सांगत नाही, अपॉइंटमेंट घेताना तुम्हीच विचारा.