ट्रॅप कॅमेरा: फळं खाणाऱ्या पक्ष्यांसाठी घ्यावा का?

समोर काही हललं की आपोआप चित्रण करणारा हा कॅमेरा बनवलाय रात्री फिरणाऱ्या जनावरांसाठी. मी मात्र तो फळांनी लगडलेल्या झाडासमोर बांधतो. कोणते पक्षी येतात ते दुर्बिणीतूनही कळतं. मला पाहायचं होतं, फळ चोचीत गेल्यावर बीचं काय होतं ते.

या कामासाठी फोटो मोड विसरा, व्हिडिओच लावा. फोटोत बुलबुल आणि पोपट दोघंही नुसते फळ खाताना दिसतात. व्हिडिओ सावकाश चालवला की पोपट फळ पंजात धरून फिरवताना, गर खाली सांडत बी फोडून खाताना दिसतो. म्हणजे झाडाच्या दृष्टीने हा चोरच. बुलबुल छोटं फळ अख्खं गिळतो. जरा मोठं असलं तर चोचीत इकडून तिकडून वळवून बघतो, नाहीच मावलं तर टाकून देतो आणि शेजारचं बारीक फळ उचलतो. चोच किती उघडते यावर निवड ठरते, हे वाचलेलं असतं. इथे ते डोळ्यांनी बघता येतं. माझ्या मते एवढ्यासाठीच कॅमेरा घेण्यासारखा आहे.

रंगांच्या बाबतीत मात्र निराशा. उजेड कमी झाला की कॅमेरा इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर) जातो आणि चित्र कृष्णधवल होतं. पहाटे, पक्षी नुकते जेवायला बसतात तेव्हाच, पिकलेलं लाल फळ आणि कच्चं हिरवं फळ ओळखू येत नाही. (पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. तो टिपायची अपेक्षा या कॅमेऱ्याकडून नव्हतीच.)

सेन्सर उष्ण वस्तूची हालचाल ओळखतो. धनेश आला की चुकत नाही. जेमतेम काही ग्रॅमचा फुलटोच्या हा पक्षी मात्र बहुतेक वेळा निसटतो, आणि उन्हात तापून हलणाऱ्या पानांचे व्हिडिओ कार्डभर साठतात. फोकसही कायमचा ठरलेला, त्यामुळे अगदी जवळ बांधला तर सगळं धूसर. बांडगुळाचं फळ खाल्ल्यावर फुलटोच्या शिटेतली चिकट बी फांदीला घासून पुसतो, आणि ती तिथेच रुजते. हे दृश्य यात मिळेल या आशेने घेऊ नका.

आणखी एक, कंपनी जे कधीच सांगणार नाही. हरियल (हिरवं कबूतर) उंबरं अख्खी गिळतो, म्हणून व्हिडिओत उत्तम बीजप्रसारक वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, बिया भरडल्या जातात. धनेश उलट मोठी बी शाबूत ओकून टाकतो, पण बऱ्याचदा दूर कुठेतरी, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. म्हणून सोबत पक्षी बसतात त्या फांद्यांखाली एक जुनी चादर अंथरा. शिटेतल्या आणि ओकलेल्या बिया त्यावर मिळतात, आणि शाबूत बी कुठली, फुटकी कुठली हे हातात घेऊन बघता येतं.

पाचपैकी साडेतीन. मोठ्या पक्ष्यांसाठी घ्या. फुलटोच्यांसाठी दुर्बीणच बरी. रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांचा जादा संच आणि मोठं कार्ड सोबतच घेऊन ठेवा.