केंटमियर २०० : पाच रोल मारून झाल्यावर

केंटमियर २०० या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे पाच रोल झाले एकदाचे, तीन ३५ एमएमचे आणि दोन १२०चे (मोठ्या निगेटिव्हचा रोल), आता बोलायला हरकत नाही. एका रोलवर मत बनवायचं नाही असं मी ठरवून टाकलंय कारण पहिल्या रोलमध्ये फिल्मपेक्षा आपल्याच चुका जास्त दिसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, केंटमियर म्हणजे मुळात फोटोपेपर बनवणारी इंग्लंडमधली जुनी कंपनी, २००७ मध्ये ती हार्मनने घेतली, म्हणजे इलफर्डच्या फिल्म जे बनवतात तेच, चेशायरमधल्या मोबर्लीच्या कारखान्यात. १०० आणि ४०० (हा आकडा म्हणजे आयएसओ, फिल्मचा स्पीड, जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) आधीपासून होत्या, मे २०२५ मध्ये ही २०० आली. स्वस्तातली लाइन म्हणून लोक नाक मुरडतात, मीही मुरडायचो. आता नाही.

२००च का? कारण माझा कॅमेरा जुना आहे आणि त्याचा शटर १/५०० सेकंदाच्या पुढे जात नाही. कडक उन्हात ४०० आयएसओ टाकलं की एफ १६ ला १/५०० लागतं, म्हणजे दोन्हीकडून कॅमेरा भिंतीला टेकलेला, जरा अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) उघडून मागचं ब्लर करायचं म्हटलं तर सोयच नाही. १०० घेतलं की ऊन छान पण सावलीत किंवा घरात शिरलात की ट्रायपॉड शोधा. २०० वर उन्हात एफ ११ ला १/५०० चालतं. एका स्टॉपचाच (दुप्पट किंवा निम्म्या उजेडाचा) फरक आहे, पण तोच एक स्टॉप पिवळा फिल्टर लावला की खर्ची पडतो, आणि तो गेल्यावरही हातात १०० उरतं हे मला फार आवडलं. या स्पीडला आत्तापर्यंत फोमापॅन २०० सोडली तर फारसे पर्याय नव्हते.

आता फॉरमॅट. ३५ एमएममध्ये ३६ फ्रेमचा रोल, डब्यावर डीएक्स कोड (कॅमेऱ्याला आयएसओ आपोआप कळवणाऱ्या खुणा) आहे त्यामुळे ज्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात आयएसओ हाताने लावताच येत नाही तिथेही चालतो. १२० आहे, म्हणजे ६x६ ला १२ फ्रेम, ६x७ ला १०. आणि स्वतः रोल भरणाऱ्यांसाठी १०० फुटांचा बल्क, म्हणजे सलग लांब फिल्म. शीट फिल्म (सुट्या पानांसारखी येते ती) नाही, लार्ज फॉरमॅटवाल्यांनी इथूनच परत फिरावं. मिळायला त्रास नाही, जिथे इलफर्डचा माल येतो तिथे ही पण येते, फक्त घेताना डब्यावरचा आकडा नीट बघा, तिघींचे डबे एका कुळातले आहेत, मी एकदा घाईत ४०० उचलून आणलाय.

दिसते कशी? ग्रेन (दाणेदारपणा) आहे, पण बोचत नाही. कॉन्ट्रास्ट मध्यम, सावल्यांमध्ये बऱ्यापैकी माल राहतो. खरी गंमत हायलाइटमध्ये आहे. खिडकीत बसलेल्या एका आजींचा फोटो काढला होता, पाठीमागून ऊन, आणि निगेटिव्ह स्कॅन केली तर पांढऱ्या केसांभोवती मऊ उजेडाची झालर. आधी वाटलं लेन्सला बोट लागलंय. मग दुसऱ्या फ्रेममध्ये उघड्या बल्बभोवती तसंच वलय. याला हॅलेशन म्हणतात, उजेड फिल्मच्या थरातून आरपार जातो, मागून आपटून परत येतो आणि शेजारचा भागही उजळवतो. महागड्या फिल्ममध्ये हा परतणारा उजेड शोषून घ्यायची सोय चांगली असते, इथे ती हात राखून केल्यासारखी वाटते. मला आजींच्या फोटोत ते सुंदर वाटलं, रात्रीच्या दिव्यांच्या फोटोत मात्र डोक्यात गेलं, अक्षरं असलेली पाटी वाचता येईना. १२० मध्ये हेच कमी जाणवतं, कारण निगेटिव्ह मोठी, तेवढी ताणावी लागत नाही. म्हणून कडक कडा हव्या असतील तर १२० घ्या किंवा सरळ दुसरी फिल्म घ्या.

डेव्हलपिंगबद्दल थोडं रडगाणं. पहिला रोल लॅबला दिला. त्या दादांनी ४००च्या रोलसोबत एकाच टँकमध्ये, ४००च्याच वेळेत काढला, निगेटिव्ह इतक्या दाट आल्या की स्कॅनरला घाम फुटला. विचारलं तर म्हणे केंटमियर म्हणजे केंटमियरच ना. नाही हो! १०० ची, २०० ची आणि ४०० ची वेळ वेगळी, तुमचा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) कुठला त्याप्रमाणे कंपनीच्या तक्त्यात बघायची, अंदाजाने मधला आकडा काढायचा नाही. आणि लॅबला देताना पाकिटावर ठळक लिहा की ही साधी ब्लॅक अँड व्हाइट आहे, कलरच्या सी-४१ केमिकलमध्ये गेली तर सगळी चांदी निघून जाते आणि हातात येते कोरी पट्टी. तिथून परतीची वाट नाही.

उरलेले चार घरीच काढले, बाथरूममध्ये, आणि सगळे व्यवस्थित आले. २० अंश पाणी, पहिल्या दहा सेकंदांत चारदा टँक उलटापालटा आणि मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच. उन्हाळ्यात नळाचं पाणी गरम येतं, तेव्हा बादलीत बर्फ टाकून बाटल्या थंड करून घेतो, कारण तापमान वाढलं की वेळ कमी करावी लागते आणि पाच मिनिटांच्या खाली गेलात की आकाशात डाग पडायची भीती. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) जुना असेल तर कापलेल्या टोकाचा तुकडा आधी त्यात टाकून बघा, दुधाळपणा जाऊन पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. धुताना धो धो पाणी सोडायची गरज नाही, टँक भरा, पाच वेळा उलटा, पाणी बदला, मग दहा, परत बदला, मग वीस, झालं.

एक रोल ४०० आयएसओचा आहे असं धरून मारला आणि वेळ वाढवून काढला. जमतं, पण काळे कोट काळ्या खड्ड्यासारखे आले, आत शिवण दिसत नाही. ४००च हवी असेल तर ४००च आणा ना, कशाला जीव काढायचा.

माझ्या मते ३५ एमएमला पाचपैकी साडेतीन आणि १२०ला चार. बल्क घ्यायचं मनात आहे पण बल्कमधून रोल भरायच्या माझ्या लोडरच्या मखमलीत कसला तरी कण अडकलाय, गेल्या वेळी अख्ख्या रोलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ आली, तो सापडेपर्यंत सुटे रोलच चालू.